घरासमोरचं तळं

1. छापलेलं चित्र ‘मूळ’ कसं?

चित्रप्रदर्शनात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. भिंतीवर काळ्या रेघांचं, वहीच्या पानाएवढं एक निसर्गचित्र लावलेलं असतं. खाली समासात पेन्सिलीने चित्रकाराची सही असते. शेजारच्या पाटीवर ‘एचिंग’ असा शब्द असतो आणि किंमतही चांगलीच असते. पाहणारा विचारतो, “अहो, हे तर छापलेलं आहे ना? मग कॅलेंडरवरच्या चित्रात आणि यात फरक काय? याला मूळ चित्र कसं म्हणायचं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपल्या इतिहासातली एक ओळखीची गोष्ट घेऊ. शिवकाळातल्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवलेली असे आणि शेवटी मोर्तब. मुद्रा एकच, पण ती शेकडो पत्रांवर उमटली. आता यातलं अस्सल पत्र कुठलं? अर्थात सगळीच. प्रत्येक कागदाचा त्या धातूच्या मुद्रेशी प्रत्यक्ष स्पर्श झालेला आहे. त्याच पत्राचा आज कुणी फोटो काढून छापला, तर ती मात्र नक्कल.

एचिंगचंही असंच असतं. चित्रकार कागदावर चित्र काढत नाही, धातूच्या पत्र्यावर काढतो. त्या पत्र्याला शाई लावून कागदावर जो ठसा उठतो, तेच चित्र. कागदावर आधी काढलेलं आणि मग कुणीतरी उतरवून घेतलेलं असं दुसरं ‘मूळ’ कुठेच नसतं. कॅलेंडरवरचं चित्र ही आधीच काढलेल्या चित्राची नक्कल असते. एचिंगचा प्रत्येक ठसा मात्र अस्सल, कारण पत्र्यावर काढलेलं ते चित्र तो उमटेपर्यंत कागदावर आलेलंच नसतं.

ही कला नीट समजून घ्यायला एका बाईच्या आयुष्याचं बोट धरून जाऊ. तिचं नाव मेरी निमो मोरॅन. स्कॉटलंडमध्ये जन्मलेली, लहानपणी अमेरिकेत आलेली, आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पत्र्यावर सुई टेकवणारी. पण तिच्या हातात सुई देण्याआधी ती सुई नक्की काय करते, ते पाहू.

2. पत्रा, मेण आणि आम्ल

पूर्वी लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. भांड्याच्या दुकानात कारागीर बसलेला असे. तो छिन्नीवर टकटक हातोडी मारत तांब्यावर, ताटावर नाव आणि तारीख उमटवून देई. आपले जुने ताम्रपटही असेच तयार झाले. धातूवर जोर लावला आणि अक्षर कोरलं. या कामात हाताला ताकद लागते आणि रेघ सावकाश, मोजून-मापून जाते. झाडाची फांदी वाऱ्यावर हलते तशी मोकळी रेघ छिन्नीने काढणं फार अवघड.

एचिंगमध्ये धातू हाताने खोदत नाहीत. खोदण्याचं काम आम्ल करतं, म्हणून याला मराठीत अम्लरेखन म्हणतात. काळं पडलेलं तांब्याचं भांडं चिंचेने घासलं की लख्ख होतं, कारण चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. तीव्र आम्ल याच्या पुढे जातं आणि खुद्द तांबंच खाऊ लागतं. त्याने नेमकं कुठे खायचं, एवढंच आपण ठरवायचं असतं.

ते असं ठरवतात. तांब्याचा गुळगुळीत पत्रा गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबरासारखा एक पदार्थ यांचं मिश्रण पातळ पसरतात. मग मेणबत्तीचा धूर देऊन हा थर काळा करतात, म्हणजे त्यावरची रेघ नीट दिसते. आता सुई घ्यायची आणि या काळ्या थरावर चित्र काढायचं. सुई तांबं कापत नाही, फक्त मेण बाजूला सारते. त्यामुळे हात कागदावर पेन्सिल फिरवावी इतका मोकळा फिरतो. काळ्या थरातून तांब्याची चकाकणारी रेघ उघडी पडते.

पत्र्याची मागची बाजू आणि कडा वॉर्निशने झाकून तो आम्लात सोडतात. जिथे मेण आहे तिथे आम्लाचं काही चालत नाही. जिथे रेघ उघडी आहे तिथे ते तांबं खातं आणि खाच पाडतं. नायट्रिक आम्ल वापरलं तर रेघांवर बारीक बुडबुडे जमतात, आणि ते तसेच बसून राहिले तर रेघ ओबडधोबड होते. म्हणून पक्ष्याचं पीस घेऊन ते बुडबुडे हळूच झाडत राहायचं. एवढ्या जहाल रसायनासमोर हातात एक पीस, असं हे दृश्य असतं.

3. रेघ गडद कशी होते?

आता पुढचा प्रश्न. पेन्सिल दाबली की रेघ गडद उमटते. सुईचं काम तर फक्त मेण सरकवण्याचं. मग चित्रात काही रेघा फिकट आणि काही काळ्याकुट्ट कशा येतात?

याचं उत्तर मेंदी लावलेल्या कुणालाही पटेल. मेंदी अर्ध्या तासात धुतली तर रंग केशरी राहतो, रात्रभर ठेवली तर गडद तांबडा होतो. नक्षी तीच आणि मेंदीही तीच, फरक फक्त वेळेचा. आम्लाचंही तसंच. रेघ जितका वेळ आम्लात राहील तितकी खाच खोल आणि रुंद होते. खोल खाचेत शाई जास्त मावते, म्हणून ती रेघ जास्त काळी छापली जाते.

एक उदाहरण घेऊ. चित्रात मागे दूरवरच्या टेकड्या आहेत, मध्ये झाडं आणि पुढे पाण्याकाठचं गवत. तिन्ही एकाच सुईने काढलेत. पत्रा पाच मिनिटं आम्लात ठेवला आणि बाहेर काढून धुतला. टेकड्यांच्या रेघा फिकट हव्यात, म्हणून त्यांच्यावर कुंचल्याने वॉर्निश फिरवून त्या बंद केल्या. पत्रा पुन्हा दहा मिनिटं आत. आता झाडांच्या रेघांना एकूण पंधरा मिनिटं मिळाली. त्याही बंद केल्या. मग उरलेल्या गवतासाठी पत्रा आणखी वीस मिनिटं आत. म्हणजे टेकड्यांना 5, झाडांना 15 आणि गवताला 35 मिनिटं. छापल्यावर टेकड्या धुक्यात गेल्यासारख्या दिसतील आणि गवत अगदी डोळ्यांपुढे येईल. चित्रातलं अंतर इथे घड्याळाने मोजलं जातं.

यात धोकाही आहे. बंद केलेली रेघ पुन्हा उघडता येते, पण जास्त खाल्लं गेलेलं तांबं काही परत येत नाही. हवा गरम असली की आम्ल भराभर खातं, थंड असली की सावकाश. त्यामुळे ही मिनिटं पुस्तकात पाहून पाठ करता येत नाहीत. आमटी किती उकळायची हे घरातल्या बाईला जसं वासावरून कळतं, तसा याचा अंदाज हाताला आणि डोळ्याला सवयीनेच येतो.

4. उलटं चित्र आणि ओला कागद

पत्रा तयार झाला की मेण पुसून टाकतात. उरतो नुसता तांब्याचा पत्रा आणि त्यावरच्या खाचा. आता छपाई. रबरी शिक्क्यात उंच भागाला शाई लागते, इथे नेमकं उलट. सगळ्या पत्र्याला शाई चोपडायची, मग कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून काढायची. जातं कितीही झाडलं तरी टाकीच्या खाचांत पीठ राहतंच. तशीच पुसलेल्या पत्र्यावर रेघांच्या खाचांत शाई राहते.

कागद आधी ओला करून मऊ केलेला असतो. पत्र्यावर कागद, कागदावर जाड लोकरी कापड, आणि हे सगळं दोन रुळांमधून जातं. उसाच्या रसाच्या गाड्यावर चरक पाहिला असेल तर हे यंत्र चटकन ओळखू येईल. रुळांच्या दाबाखाली मऊ कागद खाचांत शिरतो आणि तिथली शाई उचलून घेतो. कागद सोलून काढला की चित्र दिसतं, पण उलटं, आरशातल्यासारखं. डावीकडचं झाड उजवीकडे गेलेलं असतं.

एचिंग ओळखायची एक खूण इथेच सापडते. दाबामुळे पत्र्याच्या कडा कागदात रुततात आणि चित्राभोवती चौकोनी उथळ पायरी उमटते. चित्र तिरप्या उजेडात धरलं की ती दिसते.

पुसण्यातही कला असते. सगळी शाई काढून टाकली तर आकाश पांढरंशुभ्र येतं. थोडी पातळ पुसटशी ठेवली तर त्याच पत्र्यातून संध्याकाळ छापली जाते. म्हणूनच एका पत्र्याचे दोन ठसे अगदी सारखे असतीलच असं नाही.

एवढं कळलं म्हणजे मेरीच्या हातात सुई द्यायला हरकत नाही.

5. विणकराची मुलगी

मेरी निमोचा जन्म 16 मे 1842 रोजी स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथेव्हन गावी झाला. ग्लासगो शहरापासून हे गाव फार दूर नाही. वडील आर्चिबाल्ड निमो विणकर होते. तो काळ हातमागाच्या पडत्या दिवसांचा होता. वाफेवर चालणारे माग आले आणि घरोघरच्या विणकरांचं काम गेलं. हातमागाच्या जागी यंत्रमाग आल्यावर घराघरात काय होतं, हे इचलकरंजी आणि मालेगावच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

मेरीची आई लवकर गेली. वडील मुलांना घेऊन समुद्र ओलांडून अमेरिकेत आले आणि पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाजवळच्या क्रेसेंटव्हिलमध्ये राहू लागले. त्या भागात आणखी एक विणकर कुटुंब आलं होतं, इंग्लंडमधल्या बोल्टनहून. त्या घरातला मुलगा थॉमस मोरॅन मेरीपेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो लाकडावर कोरीव चित्रं करणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारी करून बाहेर पडला होता आणि चित्रकार व्हायच्या ध्यासाने काम करत होता. 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला मेरी आणि थॉमस यांचं लग्न झालं. रेखाटन आणि रंगकाम ती थॉमसकडूनच शिकली. पुढे पॉल, मेरी आणि रूथ अशी तीन मुलं झाली.

1871 साली थॉमस सरकारी पाहणी पथकाबरोबर यलोस्टोनच्या खोऱ्यात गेला. तिथल्या उकळत्या झऱ्यांची आणि पिवळ्या कड्यांची चित्रं घेऊन तो परतला. पुढच्या वर्षी, 1 मार्च 1872 रोजी, यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. ती जागा राखायला हवी हे राजधानीतल्या लोकांना पटवण्यात या चित्रांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने त्याचं यलोस्टोनच्या दरीचं चित्र 10,000 डॉलर देऊन विकत घेतलं. ते सुमारे 7 फूट उंच आणि 12 फूट रुंद आहे. थॉमस मोरॅन हे नाव देशभर झालं. टीटन पर्वतरांगेतल्या एका शिखराला आज माउंट मोरॅन म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.

अशा माणसाच्या घरात मेरी राहत होती. तीही रंगवत होती आणि अधूनमधून प्रदर्शनांत चित्रं मांडत होती. पण घर आणि तीन मुलं सांभाळून उरलेल्या वेळात. नवऱ्याच्या मोहिमांसाठी घर मागे राहतं, तेव्हा ते घर कुणीतरी उभं ठेवलेलं असतं.

6. 1879 चा उन्हाळा

त्याच सुमारास अमेरिकेत एचिंगची लाट येत होती. ती सुरू झाली युरोपात. 1862 मध्ये पॅरिसमध्ये एचिंग करणाऱ्या चित्रकारांची संस्था निघाली. इंग्लंडमध्ये सेमूर हेडन हा शल्यचिकित्सक आणि त्याचा मेव्हणा, अमेरिकेत जन्मलेला चित्रकार व्हिस्लर, या दोघांनी या कलेला पुन्हा मान मिळवून दिला. 1877 साली न्यूयॉर्क एचिंग क्लब स्थापन झाला. बॉस्टनमध्ये सिल्व्हेस्टर कोलर या संपादकाच्या मासिकात ताजी एचिंग्ज छापून येऊ लागली आणि सुशिक्षित घरांत ती जमवायचा छंद लागला.

थॉमसही या कामात पडला होता. 1879 च्या उन्हाळ्यात तो पुन्हा पश्चिमेकडच्या डोंगरांत निघाला. जाण्यापूर्वी त्याने काही पत्र्यांवर मेणाचा थर चढवून ते मेरीला दिले आणि प्रयत्न करून बघ म्हणून सुचवलं. मेरीने ते पत्रे उचलले आणि ती घराबाहेर पडली.

इथे एक क्षण थांबायला हवं, कारण तिने जे केलं ते सगळे करत नसत. बरेच चित्रकार बाहेर जाऊन कागदावर रेखाटन करत आणि मग खोलीत बसून ते पत्र्यावर उतरवत. त्यात चूक दुरुस्त करायला वाव असतो आणि चित्र उलटं होऊ नये याचीही सोय करता येते. मेरी थेट पत्राच घेऊन उघड्यावर बसली. समोर पूल आहे, पाणी आहे, झाडं आहेत, मांडीवर काळा पत्रा आणि हातात सुई. उन्हात तांब्याची उघडी रेघ चमकते, वारा सुटतो, ढग सरकले की सावल्या बदलतात. मेणावर ओढलेली रेघ रबराने पुसता येत नाही, ती पुन्हा झाकावी लागते. शिवाय काळ्यावर चमकती रेघ काढत असताना पांढऱ्यावर काळी रेघ डोळ्यांसमोर आणावी लागते, आणि तीही डावी-उजवी उलटी.

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी बुशकिल या छोट्या नदीवर एक पूल होता. तो तिच्या अगदी सुरुवातीच्या पत्र्यांपैकी एकाचा विषय. कुठला कडा नाही की धबधबा नाही, गावातला एक पूल. तिने एचिंगची सुरुवात केली ती जवळच्या गोष्टीपासून, आणि पुढेही ती जवळच्याच गोष्टींपाशी राहिली.

थॉमस परतला तेव्हा तिचं काम पाहून त्याने ते क्लबकडे पाठवायला लावलं. 1880 मध्ये न्यूयॉर्क एचिंग क्लबने तिला सभासद करून घेतलं.

7. ‘एम. निमो मोरॅन’

1880 साली लंडनमध्ये सेमूर हेडनने स्वतःची चित्रं स्वतः कोरणाऱ्यांची एक संस्था काढली. चित्रकारांनीच कोरलेलं एचिंग ही स्वतंत्र कला आहे आणि तिला स्वतःचं घर हवं, हा तिचा आग्रह. तिच्या प्रदर्शनासाठी मेरीने आपली एचिंग्ज पाठवली आणि 1881 मध्ये तिची निवड झाली. त्या पहिल्या 65 सभासदांत ती एकटीच स्त्री होती.

ती सही करायची ‘एम. निमो मोरॅन’. नुसत्या या सहीवरून हे काम बाईचं आहे हे लंडनमध्ये कुणाला कळण्याची सोय नव्हती. तिच्या रेघा पाहूनही कळलं नसतं, कारण ‘बायकी’ चित्रांबद्दल त्या काळी जो समज होता त्यात त्या बसत नव्हत्या. बायकांनी फुलं काढावीत, नाजूक काढावीत, सुबक काढावीत अशी अपेक्षा असे. मेरीची रेघ ठसठशीत. आम्लात भरपूर वेळ मुरलेली, खोल, काळी. गवताचं पातं ती कुरवाळत बसत नाही, दोन-तीन जोरकस फटक्यांत मोकळं करते. त्या काळच्या समीक्षकांनी तिची वाखाणणी करताना तिच्या कामाला मर्दानी म्हटलं. त्यांच्या लेखी ती मोठी शाबासकी होती. आज वाचताना त्यातला कोतेपणा जाणवतो. जोर होता, आणि तो मेरीचाच होता. त्यासाठी पुरुषाचं विशेषण उसनं आणायची काहीच गरज नव्हती.

1887 साली बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात कोलरने एचिंग करणाऱ्या अमेरिकेतल्या स्त्रियांचं प्रदर्शन भरवलं. त्यात मेरीच्या एकटीच्या 54 कृती होत्या. 1889 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका कलादालनाने थॉमस आणि एम. निमो मोरॅन अशा दोघांच्या सगळ्या एचिंग्जची एकत्र सूची छापली. नवराबायकोची नावं एकाच मुखपृष्ठावर, बरोबरीने. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही तिच्या एचिंग्जचा गौरव झाला. आयुष्यभरात तिने सुमारे 70 पत्रे केले.

8. तळं

न्यूयॉर्कच्या पूर्वेला समुद्रात शिरलेलं लाँग आयलंड नावाचं लांबट बेट आहे. त्याच्या टोकाकडे ईस्ट हॅम्प्टन हे जुनं गाव. मोरॅन कुटुंब 1878 पासून उन्हाळ्यात तिकडे जाऊ लागलं. 1884 मध्ये त्यांनी गावाच्या मुख्य रस्त्यावर स्वतःचं घर बांधलं. त्यात चित्रशाळेची एक उंच, मोठी खोली होती. घराला ते ‘द स्टुडिओ’च म्हणत. मेरीने भोवती फुलबाग केली. आणि घरासमोर, रस्त्यापलीकडे, गावाचं तळं होतं.

हा सगळा मुलूख सपाट. डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत. पाणथळ जागा, वाळूचे उंचवटे, वाऱ्याने एका बाजूला कललेली झाडं, पवनचक्क्या, जुनी लाकडी घरं आणि माथ्यावर भलंमोठं आभाळ. यलोस्टोनचा चित्रकार दरवेळी दूरच्या प्रदेशात निघायचा. मेरी दारातून बाहेर पडली की चित्राशी पोचलेली असायची. 1881 मधल्या तिच्या एका नावाजलेल्या एचिंगचा विषय आहे ईस्ट हॅम्प्टनमधलं पाळीव हंसांचं तळं. इतर पत्र्यांवर जुने लिंडन वृक्ष आहेत, पाणउंदरांची बिळं असलेला काठ आहे, गावाची संध्याकाळ आहे.

एखादं एचिंग कसं पाहावं हे इथे सांगतो. आधी काळ्या भागाकडे पाहू नका, कोऱ्या कागदाकडे पाहा. एचिंगमध्ये पाणी काढत नाहीत, पाणी राखतात. काठाच्या गडद रेघा जिथे थांबतात तिथून कागद मोकळा सोडलेला असतो, आणि आपला डोळा त्या पांढऱ्या जागेलाच तळं म्हणतो. त्यात झाडाच्या पडछायेच्या चार उभ्या रेघा आल्या की पाणी स्थिर आहे हेही कळतं. मग नजर काठावर न्या आणि रेघांची जाडी पाहा. सगळ्यांत काळं गवत आम्लात सगळ्यांत जास्त वेळ थांबलेलं आहे. आभाळाची फिकट रेघ सगळ्यांत आधी झाकली गेली. पत्र्यावर काय आधी घडलं आणि काय नंतर, हे असं वाचता येतं.

1883 मधल्या एका एचिंगला मेरीने स्कॉटिश बोलीतलं नाव दिलं. तिच्या मायभूमीतल्या एका जुन्या गाण्यातले ते शब्द. अर्थ असा, की संधिप्रकाश सरत आलाय, काळोख अजून पडायचाय आणि गायी घरी परतताहेत. मराठीत या वेळेला आपल्याकडे एकच शब्द आहे, गोरज. चित्र अमेरिकेतलं आणि नाव स्कॉटलंडचं. लहानपणीच सुटलेल्या गावाची बोली तिने चाळिशीनंतरही मनात जपली होती. रोजच्या पाहण्यातली जमीन ओळखीची झाली, तेव्हा तिने आपल्या मायबोलीतला शब्द काढून त्या जमिनीला दिला.

स्थलांतर केलेल्या माणसाला नवा देश आपला कधी वाटतो? कागदपत्रं मिळाली की कायद्याने तो तिथला होतो. पण मेरीच्या पत्र्यांतून मला दुसरं उत्तर मिळतं. एकच तळं उन्हात, ढगाळ हवेत, दिवेलागणीला पाहायचं, आणि असं पाहायचं की त्याची रेघ उलटी काढतानाही हात चुकणार नाही. इतकं पाहिलेली जागा परकी राहत नाही.

1890 मध्ये थॉमसने व्हेनिसहून चक्क एक गोंडोला होडी आणली आणि ती ईस्ट हॅम्प्टनच्या पाण्यात सोडली. लांबचं नवल जवळ आणायची त्याची ओढ अशी होती. मेरीला ते पाणी होतं तसंच पुरेसं होतं.

9. लाट ओसरली तेव्हा

एचिंगचा छंद जितक्या वेगाने आला तितक्याच वेगाने 1890 च्या दशकात ओसरला. याचं एक कारण तंत्रातच दडलेलं आहे. तांबं मऊ असतं. पुन्हा पुन्हा पुसल्याने आणि दाबल्याने खाचा झिजतात आणि ठसे फिके पडत जातात. म्हणजे चांगल्या ठशांची संख्या आपोआपच मर्यादित राहते. पण एकोणिसाव्या शतकात विजेच्या साहाय्याने तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा द्यायची युक्ती निघाली. मुलामा दिलेला पत्रा लवकर झिजत नाही, त्यावरून भरमसाट ठसे काढता येतात. व्यापाऱ्यांनी तसे ते काढले. मोठमोठी, शोभेची, एकसारखी चित्रं बाजारात आली आणि जी गोष्ट आवडीने जपायची ती घाऊक मिळू लागली. घेणाऱ्यांचा रस गेला. चांगली एचिंग्जसुद्धा त्या ढिगाखाली दबली.

मेरीला पुढचे दिवस पाहायला मिळाले नाहीत. 1899 मध्ये धाकटी मुलगी रूथ विषमज्वराने आजारी पडली. आईने तिची शुश्रूषा केली. रूथ बरी झाली, पण त्याच तापाने मेरीला गाठलं आणि 25 सप्टेंबर 1899 रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ती ईस्ट हॅम्प्टनमध्ये वारली.

पुढची बरीच दशकं थॉमस मोरॅनची बायको एवढीच तिची ओळख उरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्री-चित्रकारांचा नव्याने शोध सुरू झाला आणि संग्रहालयांच्या कपाटांतून तिचे ठसे पुन्हा बाहेर आले. कागद नीट जपलेला असेल तर खाचेतून उचललेली शाई शंभर-सव्वाशे वर्षांनीही उठावदार दिसते, त्यामुळे तिची रेघ आजही ताजी वाटते. ईस्ट हॅम्प्टनचं घर दुरुस्त करून जपण्यात आलं आहे. त्यावर आज दोघांचंही नाव आहे.

थॉमस तिच्यामागे सव्वीस-सत्तावीस वर्षं जगला. 1926 मध्ये कॅलिफोर्नियात, आपल्या लाडक्या पश्चिमेत, तो वारला. पण त्याला आणलं ईस्ट हॅम्प्टनला, मेरीच्या शेजारी. गावातलं ते जुनं दफनस्थान घरासमोरच आहे, तळ्याच्या काठावर.

तिचं एखादं एचिंग कधी पाहायला मिळालं, तर आधी ते तिरप्या उजेडात बघा. चित्राभोवती पत्र्याची पायरी दिसेल. त्या पायरीच्या आत जे झाड डावीकडे आहे ते खरं उजवीकडे होतं. तळ्याकाठी बसलेल्या मेरीला ते दिसत होतं तसं पाहायचं असेल, तर चित्र आरशासमोर धरा.